निदानाच्या कागदाबरोबर एक माणूस द्या

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालेल्या बालकाच्या कुटुंबाला पहिल्या दिवसापासून सोबत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

पत्र चौघांना मिळून लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं असतं तर प्रत्येकाकडून 'सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही' असं उत्तर आलं असतं, आणि नियमाने ते बरोबरही ठरलं असतं. मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. पश्चिम महाराष्ट्रातला डोंगरी तालुका, बीटात विखुरलेल्या वाड्यावस्त्यांच्या अंगणवाड्या. त्यामुळे सरकारी पत्राची भाषा मला येते आणि कुठली फाईल कुठल्या टेबलावर झोपते याचाही अंदाज आहे. आज मात्र आजी म्हणून लिहिते आहे. माझ्या नातवाला ऑटिझम आहे. आता तो पाच वर्षांचा आहे, निदान झालं तेव्हा सव्वातीनचा होता.

आधीच सांगते, हे पत्र नवी योजना मागायला नाही. योजना भरपूर आहेत. नातवाच्या निमित्ताने मी त्या एकेक करून धुंडाळल्या तेव्हा थक्क झाले, इतकं काही कागदावर आहे. माझं मागणं एवढंच, की निदानाचा कागद ज्या दिवशी आईबापाच्या हातात पडतो त्या दिवशी त्या घराला नावानिशी एक माणूस नेमून द्या. ज्याचा फोन लागतो, ज्याला तुम्हा चौघांची दारं ठाऊक आहेत आणि जो कुटुंबाबरोबर त्या दारात येऊन उभा राहतो, असा. आज असा माणूस कुणाच्याच आकृतिबंधात नाही.

नातू दीड वर्षाचा असताना मला शंका आली होती. त्या वयाचं मूल हवी ती वस्तू बोट दाखवून मागतं, खिडकीत चिमणी दिसली की आधी चिमणीकडे आणि मग आईच्या तोंडाकडे बघतं. हा माझं मनगट धरायचा, ओढत नेऊन माझा हात फ्रिजच्या दारावर ठेवायचा आणि दार उघडेपर्यंत माझ्याकडे एकदाही बघायचा नाही. नावाने हाक मारली तर वळायचा नाही, पण दोन खोल्या पलीकडे बिस्किटाचा पुडा फोडला की धावत यायचा. ऐकू कमी येत असेल म्हणून बेरा तपासणी केली. कान उत्तम निघाले. पुढे बोलायला लागला तेव्हा त्याचं पहिलं लांब वाक्य एसटी स्टँडच्या भोंग्यावरचं होतं. 'फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी...' असं सगळं, त्याच सुरात, शेवटच्या खरखरीसकट. दिवसातून कितीदा तरी तो ते म्हणायचा. पाहुणे हसायचे. माझ्या सुनेने महिनाभर लक्ष ठेवून ताडलं की हे तो तहान लागली की म्हणतो. एकदा स्टँडवर भोंगा चालू असताना त्याला पाण्याची बाटली घेऊन दिली होती. तेव्हापासून पाणी म्हणजे फलाट चार.

हे कुणा डॉक्टरने सांगितलं नाही, आईने शोधलं. पण त्याच आईला पहिलं वर्षभर सगळ्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. 'मोबाईल देत असशील.' 'गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतंस.' 'नोकरी सोडली असतीस तर पोर बोललं असतं.' माझ्याच नणंदेने भर लग्नात सगळ्यांसमोर तिला विचारलं, 'तू त्याच्याशी बोलतेस तरी का गं?' विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या भल्याभल्या मनोविश्लेषकांचंही हेच म्हणणं होतं, की आई थंड म्हणून मूल असं होतं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या स्वभावात नाही, असं सप्रमाण मांडलं. तेही एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. म्हणजे साठ वर्षं उलटून गेली, तरी आमच्या मांडवात तो खटला चालूच आहे. सून जेवली नाही त्या दिवशी. सासू म्हणून मी माझ्या नणंदेला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लसीचं तर विचारूच नका. 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा. पुढे मोठमोठ्या अभ्यासांत तो संबंध सापडला नाही, लेख 2010 मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही त्याच वर्षी रद्द झाली. मात्र आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो लेख अजून ताजा आहे. नातवाचं निदान कळल्यावर माझ्या पुतण्याच्या बायकोने तिच्या बाळाचा गोवर-रुबेलाचा डोस लांबवला. लसीकरणाच्या सत्रात आयुष्य गेलेल्या बाईच्या घरात हे घडलं! मी स्वतः बाळाला घेऊन उपकेंद्रात गेले. पण जिथे अशी आजी नाही तिथे कोण जाणार? निदान एका मुलाचं होतं आणि भीती सगळ्या भावकीत पसरते, म्हणून त्या घराशी बोलणारा माणूस लागतो.

निदान झालं ते मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात. डॉक्टर मन लावून बोलणारे होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अहवालाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं: ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, स्पेशल एज्युकेशन, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे. आमच्या तालुक्यात या तिन्हींपैकी एकही नाही. जवळचं खासगी केंद्र शेजारच्या जिल्ह्यात. एका सत्राचे, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचे, सहाशे रुपये. मुलगा एमआयडीसीत सुपरवायझर आहे. आठवड्याला दोन थेरप्यांची दोन-दोन सत्रं आणि जाणं-येणं धरलं तर त्याच्या पगाराचं काय उरेल याचा हिशेब त्याने परतीच्या गाडीत अहवालाच्याच पाठीमागे मांडला होता.

घरी आल्यावर कुटुंब काय करतं? फोन उघडतं. फोनमध्ये आधी भेटतात ते 'मुळापासून बरं करतो' म्हणणारे. स्टेम सेलवाले, शरीरातलं विष काढणारे, अमुक खाणं बंद करा म्हणणारे, एकवीस दिवसांत बोलतं करणारे. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे. ते आमच्या मुलाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. लाखांतल्या पॅकेजची चौकशी करून तो बसला होता, जमिनीचा तुकडा विकायचा का यावर घरात दोन रात्री वाद झाला. समोरून फोन करणारी मुलगी किती गोड बोलायची म्हणून सांगू! रोज फोन, 'सर, बाळ कसं आहे आज?' आमच्या नातवाची रोज विचारपूस करणारी पहिली व्यक्ती ही विक्रीवाली होती. शासनाच्या बाजूने तेव्हा कुणी फोन केला असता तर वाद त्याच रात्री मिटला असता.

आता तुमच्या चौघांकडे वळते.

आरोग्य विभागाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी. जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, असे चार गट त्यात तपासायचे असतात आणि ऑटिझम चौथ्या गटात येतो. मी ही पथकं अनेक वर्षं जवळून पाहिली आहेत. माणसं कष्टाळू. पण एका सकाळी दोन अंगणवाड्या उरकायच्या असतात. वजन, दंडघेर, दात, डोळे, हृदयाचे ठोके. हृदयाला छिद्र असलेली मुलं या पथकांनी शोधली आणि त्यांची ऑपरेशनं झाली, हे मोठंच काम आहे. पण कोपऱ्यात एकटाच बसून डब्याचं झाकण फिरवणारं मूल या गडबडीत 'शांत आहे, त्रास देत नाही' म्हणून पास होतं. माझा नातू असाच पास झाला. कार्डावर 'नॉर्मल' लिहिलेलं आहे.

या पथकाने पाठवलेल्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक, सगळं एका छताखाली आणि मोफत. कल्पना इतकी सुंदर आहे की ती कुणाला सुचली त्याला नमस्कार करावा. आम्हाला या केंद्राचा पत्ता निदानानंतर आठ महिन्यांनी लागला, तोही औषधाच्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या एका बाईकडून. गेलो तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञाचं पद रिक्त होतं. विशेष शिक्षिका होत्या, आणि त्यांनी एका तासात आम्हाला जे दाखवलं ते खासगी केंद्रात महिन्याभरात कळलं नव्हतं. पण मूल घेऊन एसटीने दोन तास जायचं, तिथे अर्धा तास, परत दोन तास. महिला सन्मान योजनेमुळे सुनेचं आणि माझं तिकीट अर्धं, म्हणून निभावलं. हीच शिक्षिका पंधरवड्यातून एकदा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसली तर किती घरांची पायपीट वाचेल, याचा विचार आरोग्य विभागाने करावा.

महिला व बालविकास विभाग म्हणजे माझं माहेर, तिथलं जास्त टोचतं. 28 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. सेविकेने विकासातल्या विलंबाची चिन्हं लवकर ओळखावी, मुलाला अंगणवाडीतल्या सगळ्या कार्यक्रमांत सामावून घ्यावं, कुटुंबाला बळ द्यावं आणि आशा, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवावं, असं त्यात आहे. वाचून बरं वाटलं. प्रत्यक्षात आमच्या वाडीतल्या सेविकेने नातवाला दोन आठवड्यांनी घरी ठेवायला सांगितलं. 'ताई, तो दारातून पळतो. मी खिचडी बघू, बाकीची मुलं बघू का याच्या मागे धावू?' तिच्यावर मला रागवता आलं नाही. मदतनिसाची जागा रिकामी, हातात पोषण ट्रॅकरचा मोबाईल, वर आणखी चार सर्वेक्षणं. आमच्या काळी रजिस्टरं होती, आता रजिस्टरं आहेत आणि मोबाईलही आहे. म्हणून कृपा करून सेविकेच्या डोक्यावर 'ऑटिझम नोडल' असं आणखी एक ओझं ठेवू नका. मी मागते आहे तो माणूस ती नव्हे.

दिव्यांग कल्याण विभाग महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, त्यात ऑटिझम आहे. म्हणजे प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. त्या प्रमाणपत्राच्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

ठरावीक वारी प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांचं बोर्ड बसतं. लांब व्हरांडा, एकच रांग. पाय कापलेले गृहस्थ, कुबड्या घेतलेली म्हातारी माणसं, मोतीबिंदूवाले, आणि त्यांच्यात आमचा साडेतीन वर्षांचा. वरची ट्यूबलाइट गुणगुणत होती, आपल्याला ऐकूही येणार नाही इतकी. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले ते काढलेच नाहीत. नंबर पुकारणारा माणूस ओरडला की हा किंचाळायचा. तिसऱ्यांदा किंचाळल्यावर रांगेतला एक जण म्हणाला, 'पोराला जरा वळण लावा.' सून पाठमोरी झाली. ऑटिझमचं प्रमाण ठरवायला आपल्याकडे इसा नावाची भारतीय मोजपट्टी आहे. मुलाचं निरीक्षण करून आणि पालकांशी बोलून चाळीस मुद्द्यांवर गुण द्यायचे असतात. मूल नजर देतं का, हाक मारली की वळतं का, दुखलं-खुपलं तर कळतं का, अशा बारीक गोष्टी. दमलेलं, रडून लाल झालेलं मूल आत आलं आणि चाळीस मुद्दे आमच्या डोळ्यांदेखत काही मिनिटांत भरले गेले. बाहेर अजून रांग होती, साहेब तरी काय करणार. लहान वयात मिळतं ते प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, म्हणजे हा व्हरांडा पुन्हा आहेच. मुलांसाठी वेगळी वेळ आणि वेगळी खोली ठेवायला किती खर्च येतो? खोली तर तिथे रिकामी होती, तुटक्या खुर्च्या ठेवलेली.

प्रमाणपत्र हातात आलं की पुढची दारं उघडतात, पण ती आहेत हे कळलं तर. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधी तपासणी नाही, आणि नेहमीच्या विम्यात जे मिळत नाही ते थेरपीचं बिल ठरलेल्या मर्यादेपर्यंत यात मिळतं. आमच्या मुलाने पहिली दीड वर्षं सगळं खिशातून भरलं. आयकरात जुन्या करप्रणालीत कलम 80 डीडीची वजावट असते, ती त्याच्या कंपनीतल्या हिशेबनिसालाही माहीत नव्हती. बाकी सवलतींचं पुराण लावत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

शालेय शिक्षण विभागाशी आमचा खरा संबंध पुढच्या जूनपासून येईल, त्यामुळे तुमच्याबद्दल थोडंच. सहा ते अठरा वयाच्या, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं प्रमाण सांगितलं. आमच्या गटसाधन केंद्रात फिरते विशेष शिक्षक आहेत, पण त्यांच्या वाट्याला किती शाळा आहेत ते विचारून बघा. ते एका शाळेत पुन्हा येईपर्यंत मूल त्यांचा चेहरा विसरतं.

आता सांगते, आम्हाला खरा आधार कुठे मिळाला. शेजारच्या तालुक्यातल्या एक ताई आहेत, शिवणकाम करतात. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिस्टिक, फारसं बोलत नाही. शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या शिक्षिकेने त्यांचा नंबर दिला. ताई एका रविवारी घरी आल्या. नातवाकडे त्या लगेच वळल्याच नाहीत. स्वयंपाकघरात सुनेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, 'रात्री झोपतो का? नाही? मग तुम्ही कधी झोपता?' तोवर हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता, डॉक्टरांनीही नाही आणि मीही नाही. मग त्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर ब्रश, बादली, पोह्यांची ताटली आणि चप्पल अशी चित्रं काढली, आणि सकाळी एकेक झालं की त्यावर फुली मारायला सांगितलं. केस कापायचं आमच्याकडे महाभारत व्हायचं. त्यावर त्यांचा तोडगा असा: सोमवारी सलून बंद असतं, त्या दिवशी दादांना विनंती करा आणि नुसतं खुर्चीत बसवून आणा. केस कापायचे नाहीत. पुढच्या सोमवारी मशीन लांबून ऐकवायचं. त्याच्या पुढे हातावर फिरवू द्यायचं. आमचे सलूनवाले दादा मोठ्या मनाचे निघाले, पैसे घेतले नाहीत. पाचव्या सोमवारी अर्धं डोकं झालं. अर्ध्या डोक्याने आठवडाभर फिरला, काही बिघडलं नाही.

फलाट चारचं काय करायचं हेही त्यांनीच सांगितलं. 'त्याला गप्प करू नका. तो म्हणाला की पाणी द्या आणि तुम्ही फक्त "पाणी" म्हणा, जास्त काही नको.' आता तो 'फलाट पाणी' म्हणतो. आमच्या घरात सगळेच म्हणतात.

या ताईंना कुणाचं मानधन नाही. प्रवासखर्चही त्यांनी घेतला नाही, सुनेने बळेच ब्लाऊजपीस दिला. आणि माझं सगळं मागणं इथेच येऊन थांबतं: मी म्हणते तो माणूस म्हणजे या ताई. अनुभवी पालक, थोडं रीतसर प्रशिक्षण, ठरलेलं मानधन, हातात ओळखपत्र आणि पाठीशी तुम्हा चौघांपैकी एकाचा आदेश.

'तज्ज्ञ नसलेल्या माणसावर हे कसं सोपवायचं', असा शेरा फाईलवर पडेल याची मला कल्पना आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. गोव्यात 'संगथ' या संस्थेकडून आणि पाकिस्तानात रावळपिंडीत एकाच पद्धतीने एक प्रयोग झाला. तज्ज्ञांची पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं. आई किंवा वडील मुलाशी खेळताना थोडा वेळ चित्रीकरण करायचं आणि मग ते दोघांनी मिळून बघायचं: बघा, इथे तो तुमच्याकडे वळला, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने हात पुढे केला. दोन ते नऊ वर्षांच्या 65 मुलांचा तो अभ्यास 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आला. पालक मुलाला जास्त जुळवून प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. जागतिक आरोग्य संघटनेचाही पालकांसाठी याच वयोगटाचा कार्यक्रम आहे, नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी. गृहभेट हा शब्द आमच्या खात्याला शिकवायला नको. बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आशाताई पाच वेळा घरी येतातच.

पालकांनीच उभं केलेलं काम आपल्या देशात नवं नाही. दिल्लीत 1991 मध्ये मेरी बरुआ यांनी 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली ती मुलाची आई म्हणून. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम' हा पालकांचा गट आहे. मुंबईच्या मुलांना वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जून 2021 पासून शीघ्र हस्तक्षेप केंद्रही मिळालं. चांगलंच झालं. पण आमच्या डोंगरातल्या आईने वांद्र्याला जायचं तर घर, गोठा आणि दुसरं मूल कुणावर टाकायचं? शहरातल्या पालकाला गट सापडतो. वाडीतल्या आईला वाटतं की असं मूल सगळ्या पंचक्रोशीत आपल्याच पोटी आलं. जगात साधारण शंभरातल्या एकाला ऑटिझम असतो असा ढोबळ अंदाज धरला जातो. तो धरला तर आमच्या तालुक्यात अशी घरं शेकड्यांनी असणार. ती एकमेकांना माहीत नाहीत, कारण त्यांची ओळख करून देणं हे कुणाचंच काम नाही.

पैशाचा प्रश्न काढाल, तर तालुक्याला दोन पालक-मार्गदर्शक धरा. मानधन आशाताईंच्या गटप्रवर्तकांच्या आसपास ठेवा. प्रशिक्षण शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या माणसांनी द्यावं. निदान सरकारी रुग्णालयात होवो की खासगी, अहवालावर त्या मार्गदर्शकाचा नंबर छापलेला असावा, आणि कुटुंबाची संमती घेऊन आठ दिवसांत त्याने घरी जावं. पहिल्या भेटीत योजनांची यादी वाचू नये. आजी-आजोबा, काका-काकू, जे कुणी घरात असतील त्यांना बसवून आईचा दोष नाही हे मोठ्याने सांगावं. बापाशी वेगळं बोलावं. आपल्याकडचे बाप गप्प राहतात आणि रात्री फोनमध्ये औषधं शोधतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत प्रमाणपत्र, निरामय, थेरपी केंद्र, आणि 'बरं करतो' म्हणणाऱ्यांपासून कसं लांब राहायचं ते. थेरपिस्टची आणि विशेष शिक्षकाची नोंदणी कशी तपासायची हेसुद्धा सांगायला हवं, कारण बारा दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारे आमच्या तालुक्यापर्यंत येऊन पोचले आहेत.

धोकेही मला दिसतात. मार्गदर्शक नेमताना कुणाचा तरी पुतण्या नेमला जाईल. मानधन सहा-सहा महिने थकेल. वर्षभरात त्यांनाही एक अ‍ॅप दिलं जाईल आणि ते मुलाकडे न बघता फोटो अपलोड करत बसतील. हे सगळं मी नोकरीत झालेलं पाहिलं आहे. म्हणून निवडीत पालकांच्या गटाचं मत घ्या आणि गृहभेटींच्या आकड्यांवर कामाचं माप काढू नका. कुटुंबाला दर तीन महिन्यांनी फोन करून एवढंच विचारा, की माणूस येतो का आणि त्याचा उपयोग होतो का.

प्रयोग करायचा असेल तर आमचा तालुका घ्या. ताईंची संमती मी विचारून ठेवली आहे, शिलाईचं काम दुपारनंतर सांभाळून त्या यायला तयार आहेत. अंगणवाड्यांची बीटनिहाय माहिती मला अजून पाठ आहे, ती लिहून देते. ग्रामीण रुग्णालयातली ओपीडीच्या मागची खोली शनिवारी रिकामी असते, हेही पाहून ठेवलं आहे. आदेशावर तुम्हा चौघांपैकी एकाची सही लागेल. ती कुणाची, हे आपसात ठरवून लेखी कळवावं, ही विनंती. पत्राची प्रत चारही कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवली आहे, पोचपावत्या माझ्याकडे आहेत.

कळावे,

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका